कापलेले गवत जाते कुठे?

मागील सत्रात आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात डेव्हिड लिंच यांचा 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) हा चित्रपट दाखवला. निवड आमची होती. मराठी विभागाने अमेरिकन चित्रपट का दाखवावा, असा प्रश्न इंग्रजीच्या सहकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारला आणि आम्ही तो नेहमीप्रमाणे ऐकून घेतला. 'आम्ही' म्हणजे या विभागातील दोघे अध्यापक. एकीचे बालपण राजापूर तालुक्यात गेले, एकाचे माण तालुक्यात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आल्विन स्ट्रेट नावाचे एक त्र्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. दृष्टी अधू, पाय अधू, वाहन चालवण्याचा परवाना नाही. दुरावलेल्या भावाला पक्षाघाताचा झटका आल्याचे कळते. भाऊ राहतो विस्कॉन्सिन राज्यातल्या माउंट झायनजवळ, हे आयोवातल्या लॉरेन्स गावी. दुसऱ्याच्या गाडीतून जाणे त्यांना मान्य नाही. तेव्हा अंगणातले गवत कापायचे, वर बसून चालवायचे जुने यंत्र ते बाहेर काढतात, त्याला मागे एक गाडा जोडतात आणि ताशी पाचेक मैलांच्या गतीने सुमारे २४० मैल जातात. ही घटना १९९४ साली खरोखर घडली. चित्रपटात पहिले यंत्र वाटेत बंद पडते म्हणून ते १९६६ सालचे एक जॉन डियर विकत घेतात. बंद पडलेल्या यंत्राला ते बंदुकीने गोळी घालतात. एखादे जखमी जनावर सोडवावे तशी.

चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. आम्ही गती, वार्धक्य, प्रायश्चित्त वगैरे विषयांवर बऱ्यापैकी बोललो. रिचर्ड फार्न्सवर्थ या वृद्ध नटाच्या चेहऱ्याबद्दल बोललो. मग मागच्या बाकावरून द्वितीय वर्षाच्या एका मुलाने विचारले, "सर, ते यंत्र गवत कापतं ना? मग कापलेलं गवत जातं कुठं? खातं कोण?"

मुले हसली. आम्हीही हसलो. उत्तर मात्र आम्हाला धड देता आले नाही. नंतर काही दिवस तो प्रश्न आमच्या मागे लागला आणि त्यातून हे टिपण झाले.

अमेरिकेतले उत्तर सोपे आहे. ते गवत कोणीही खात नाही. ते जागीच पडून कुजते किंवा पिशव्यांत भरून बाहेर ठेवले जाते. खाण्यासाठी ते लावलेलेच नसते. पाणी घालायचे, खत घालायचे, वाढू द्यायचे आणि वाढले म्हणून कापायचे. उपग्रहांच्या चित्रांवरून केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील हिरवळीचे क्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक भरले होते. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याएवढे. यातला विनोद असा की, दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत जी 'बर्म्युडा' नावाची जात कौतुकाने जोपासतात ती आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि माणमधला शेतकरी जिच्या मुळ्या उपटता उपटता म्हातारा होतो तीही तीच.

हे यंत्र मुळात इंग्लंडचे. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्रॉडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली त्याचे पेटंट घेतले. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव सारखी कापणारे फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने तिथे पाहिले, आणि तीच युक्ती जमिनीवर लावली. तोवर आखूड, सपाट हिरवळ ही फक्त बड्या जमीनदारांची मिरवण्याची वस्तू होती, कारण ती राखायला लांब दांड्याचे विळे चालवणारे मजूर किंवा मेंढ्यांचे कळप लागत. पेटंटाच्या कागदात बडिंगने असे सुचवले आहे की, खेड्यातल्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः ढकलणे हा एक करमणुकीचा आणि आरोग्यदायक व्यायाम वाटेल. आमच्या मते या सूचनेला वाङ्मयीन महत्त्व आहे. गवत कापणे ही मजुरी होती, तिचा छंद होण्याला तिथून सुरुवात झाली. आणि छंदाच्या आठवणी लिहिणे मजुरीच्या आठवणी लिहिण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे वाढली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनमध्ये रहिवाशाने आठवड्यातून एकदा हिरवळ कापलीच पाहिजे, अशी करारातच अट असे. गोऱ्यांखेरीज इतर कोणास तिथे राहू देऊ नये, अशीही अट असे. या दोन अटी एकाच करारात होत्या, हे विसरून त्या हिरवळीवरच्या बालपणाबद्दल वाचू नये, असे आमचे मत आहे. पुढे अंगणे मोठी झाली, ढकलायची यंत्रे पुरेनात. जॉन डियर या ट्रॅक्टरच्या कंपनीने १९६३ मध्ये '११०' हा बागेपुरता लहान ट्रॅक्टर काढला. दहा-बारा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा एखादे यंत्र स्वतः चालवतो ते हेच. म्हणून तिकडचे लोक जेव्हा 'लहानपणी आम्ही गवत कापायचो' असे सांगतात, तेव्हा आठवण असते ती यंत्राची. इंजिनाची दोरी ओढणे, पेट्रोलचा वास, वडिलांनी दिलेली किल्ली, वाकडा गेलेला पट्टा, शेजाऱ्याकडून मिळालेले काही डॉलर. गवत त्या आठवणीत असते, पण हिरवा रंग म्हणून. जुनी यंत्रे लोक हौसेने दुरुस्त करतात, जमवतात. इंग्लंडात साउथपोर्ट येथे तर गवत कापण्याच्या यंत्रांचे संग्रहालय आहे. १९७३ पासून तिथे या यंत्रांच्या शर्यती लावणारी संघटनाही आहे.

आम्ही हे टिंगलीने लिहीत नाही. आल्विन स्ट्रेट यांच्यापाशी शेवटचे उरलेले वाहन तेच होते आणि त्याच्यावर बसून एक म्हातारा माणूस आपला मान राखतो, हे पाहताना आमचेही डोळे ओले झाले. पण एवढे खरे की, चित्रपटभर ते यंत्र रस्त्यावरून चालते आणि गवताचा प्रश्न त्याच्यामागे राहत नाही.

इंग्रजी कवितेत हा प्रश्न कसा सुटत गेला ते पाहण्यासारखे आहे. अँड्र्यू मार्व्हेलच्या गवतकाप्याच्या कविता १६८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. त्यातला डेमन प्रेमभंगाच्या तंद्रीत लांब विळा चालवताना पाते स्वतःच्याच घोट्यावर मारून घेतो आणि रानपाला लावून रक्त थांबवतो. हे वाचताना आमच्यापैकी दोघांनीही नकळत आपापला डावा हात पाहिला. ते का, ते पुढे सांगतो. रॉबर्ट फ्रॉस्टच्या १९१३ च्या पहिल्या संग्रहातही गवत कापणारा माणूस दोन कवितांत येतो. त्यातल्या एकीत पहाटे कापणी करून गेलेल्या माणसाने ओढ्याकाठचा फुलांचा एक झुबका न कापता ठेवलेला असतो. मागून गवत उलटायला आलेल्याला तो दिसतो आणि आपण एकटे नाही असे त्याला वाटते. फिलिप लार्किनची 'द मोअर' ही कविता १९७९ ची. यंत्र चालवताना उंच गवतात लपलेला एक काटेरी साळू पात्यांत सापडून मरतो. कवीने त्याला पूर्वी कधी खायलाही घातलेले होते.

फ्रॉस्टच्या माणसाला फुले दिसली, लार्किनला साळू दिसला नाही. हा दोन कवींच्या संवेदनशीलतेतला फरक नाही. हाताने कापणारा माणूस प्रत्येक वार कुठे पडतो ते पाहतो, कारण त्याला त्या गवताची गंजी रचायची असते, त्यात काय आले आणि काय नाही हे कळावे लागते. यंत्रावरच्या माणसाला कापलेल्याशी पुढे काही कर्तव्य नसते. लार्किनने तो धक्का प्रामाणिकपणे लिहिला, म्हणून ती कविता मोठी आहे.

(टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'मधला लेव्हिन शेतकऱ्यांबरोबर दिवसभर गवत कापतो, तो प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडतो. आम्हालाही आवडतो. फक्त, लेव्हिन कुरणाचा मालक आहे आणि दुसऱ्या दिवशी त्याने कापणीला दांडी मारली तर कोणी त्याचा रोज कापणार नाही, एवढे आम्ही वर्गात सांगतो.)

आता आमच्या डाव्या हातांबद्दल. दोघांच्याही करंगळीवर एकेक आडवा व्रण आहे. गवत कापताना डाव्या हाताने मूठ धरायची आणि उजव्या हाताने बुडाशी विळा ओढायचा. मुठीत सर्वांत खाली असते ती करंगळी. दातेरी विळा ओलसर गवतावरून सटकला की तिथेच बसतो. मग दगडीपाला चुरगळून त्याचा रस पिळायचा, वर चिंधी बांधायची आणि भारा पुरा करायचा. भारा अर्धा टाकून घरी आल्यास व्रणाची चौकशी नंतर होत असे.

राजापूरकडे गवत सड्यावर. पाऊस संपून दसरा आला की पिवळे पडू लागलेले गवत कापायचे, पेंढ्या बांधायच्या, डोक्यावर चुंबळ ठेवून भारा उतरवायचा. घरी वर्षभराच्या बैठ्या जनावरांची बेगमी. माणमध्ये सडे नाहीत आणि पाऊसही नाही. तिथे गवत म्हणजे बांधावरचे. एक म्हैस, आणि तिच्यासाठी शाळेच्या आधी एक भारा, शाळा सुटल्यावर एक. बांध दुसऱ्याचा असला तर परवानगी घ्यायची, न घेता कापल्यास विळा हिसकावून घेतला जाई. कुसळे विजारीतून टोचत. आमच्यापैकी एकाला आजही आठवते की, वर्गात बसल्यावर पहिला तास कुसळे काढण्यात जायचा. शिक्षक काय शिकवत होते ते आठवत नाही.

दोन्ही आठवणींच्या शेवटी एक तोंड आहे. गवत कोणाच्या तरी दावणीला जाते. म्हशीने सांडलेले किंवा नाकारलेले गवत आईच्या लक्षात येई: "आज ओढ्याकाठचं आणलंस वाटतं." कोणते गवत म्हशीला गोड लागते हे म्हशीकडून कळत असे. मारवेल, पवन्या, कुसळी ही नावे आम्ही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून शिकलो नाही.

माणमधल्या आमच्या एका काकांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत स्थायिक आहे. सत्तरी ओलांडल्यावर काका पहिल्यांदा तिकडे गेले. मुलगा यंत्रावर बसून अंगण कापत होता, काका पायरीवर बसून पाहत होते. काम झाल्यावर ते उठले, खाली वाकले आणि कापलेले गवत गोळा करू लागले. पेंढी बांधता येईना. यंत्र इतके आखूड कापते की मुठीत काही धरवत नाही. "एवढं हिरवं टाकून द्यायचं? दोन म्हशी जगल्या असत्या," असे ते म्हणाले. मुलाने सांगितले की, त्यावर तणनाशक मारले आहे, हात धुवून घ्या. परत आल्यावर अमेरिकेतली एवढी एकच गोष्ट ते पुनःपुन्हा सांगत.

मराठी साहित्यात या गवताचे काय झाले? बालकवींच्या 'फुलराणी'त गवत ही अंथरायची मऊ वस्तू आहे. कवितेला तो अधिकार आहे, तक्रार नाही. तक्रार पुढच्या शंभर वर्षांच्या ललित गद्याबद्दल आहे, ज्याने हिरवळ तेवढी उचलली आणि विळा खाली ठेवला. अपवाद आहेत. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर दावणीवरून जाते. नारबा हा गडी ते पाहत राहतो. यंत्राच्या आगमनाकडे जनावरांच्या बाजूने पाहणारी ती कादंबरी आहे. यंत्र आले म्हणजे कोणाची वैरण थांबली, असा तिचा प्रश्न आहे.

आणि गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू, तलासरी भागातल्या वारल्यांच्या लढ्याचे हे पुस्तक. त्या भागातले गवत जमीनदारांच्या मालकीचे, व्यापाऱ्यांच्या वखारींतून ते मुंबईच्या बाजारात जाई. १९४५ च्या हंगामात वारल्यांनी मागणी केली ती अशी: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. गवत कापण्याचे वजन आणि दर ज्यात इतक्या नेमकेपणाने येतात असे दुसरे मराठी पुस्तक आम्हाला सांगता येणार नाही. साहित्य अकादमीने १९७२ मध्ये त्याला पुरस्कार दिला. असे असूनही 'ललित' म्हणून ते पुस्तक कोणी वाचत नाही. आम्हीही ते वर्षानुवर्षे 'सामाजिक दस्तऐवज' या शब्दाखाली शिकवले. तो शब्द आम्ही आता वापरत नाही. पौंड आणि रुपये मांडून लिहिणाऱ्या त्या बाईंच्या गद्यात जे आहे ते आमच्या दोघांच्या करंगळीच्या आठवणीतही नाही. आम्ही आमच्या म्हशीसाठी कापत होतो. वारली कापत होता ते गवत त्याच्या दावणीला जात नव्हते.

म्हणूनच मागच्या बाकावरचा तो प्रश्न आम्हाला वाङ्मयीन प्रश्न वाटतो. गवत कापल्याच्या कोणत्याही आठवणीला तो विचारता येतो. अमेरिकन माणसाला विचारला तर तो यंत्राबद्दल बोलू लागतो, आम्हाला विचारला तर आम्ही म्हशीबद्दल. ज्याने मजुरीने कापले तो वखारीबद्दल, वजनकाट्याबद्दल बोलेल. आठवण गोड असायला हरकत नाही. पण तिच्यात हे उत्तर नसेल, तर ती लिहिणाऱ्याचीच आहे की कुठून तरी वाचलेली, अशी शंका घ्यायला जागा राहते. हल्लीचे बरेच 'गावाकडच्या आठवणी' छापाचे लेखन आम्हाला असे वाचलेले वाटते. त्यात पाऊस असतो, मातीचा वास असतो, भारा कोणाच्या तरी डोक्यावर असतो. कोणाच्या, हे नसते.

आज राजापूरच्या सड्यांवर जनावरेच कमी झाली आहेत. खांद्याला अडकवायची पेट्रोलची यंत्रे आली, पण ती बागेपुरती. सड्यावरचे गवत उभेच वाळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्यात जाते, जाताना शेजारची काजूची, आंब्याची कलमे घेऊन जाते. कापले न गेलेले गवत कुठे जाते, याचे हे उत्तर. त्यावर कोणी ललित लेख लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शेवटी एक कबुली, जी खरे तर सुरुवातीलाच द्यायला हवी होती. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही प्रथम वर्षाला 'बालपणीची एक रम्य आठवण' असा लेखनाचा गृहपाठ दिला होता. पालघरकडच्या एका मुलीने गवत कापण्यावर लिहिले. दिवाळीच्या आधीपासून आईवडील गवताच्या कामाला जात, रानातच खोपटात राहत, तीही बरोबर असे. शाळा दोन महिने बुडे. दिवसाला किती गवत होई, एका गाठीचे वजन किती, त्यातून ओलाव्यापोटी किती धरून कापले जाई आणि हातात किती येत, हे तिने ओळीने लिहिले होते. गाठी ट्रकमध्ये चढत आणि मुंबईच्या तबेल्यांकडे जात, असे शेवटचे वाक्य होते. ट्रक गेल्यावर काय वाटले ते नव्हते.

आम्ही तिला वीसपैकी नऊ गुण दिले आणि खाली तांबड्या शाईने लिहिले: 'अहवालासारखे झाले आहे. भावना आणावी.' द्वितीय वर्षाला ती आली नाही. का आली नाही याची चौकशी आम्ही केली नाही. वह्या त्या वर्षाच्या रद्दीत गेल्या. आमचा शेरा आम्हाला शब्दशः आठवतो. तिने गाठीचे वजन किती लिहिले होते, ते आठवत नाही.